बायबलमधले चमत्कार वाचायचे कसे?

"चमत्काराशिवाय नमस्कार नाही" असं आपण सहज बोलून जातो. बायबलमधले चमत्कार वाचायला घेतानाही हीच समजूत आपल्या मनात असते. येशूने पाण्याचा द्राक्षारस केला, आंधळ्याला दृष्टी दिली, मेलेल्याला उठवलं, म्हणून लोक त्याच्या पाया पडले, असं आपण धरून चालतो. मग काहीजण "असं होणं शक्यच नाही" म्हणून पुस्तक मिटतात, काहीजण "देवाला काय अशक्य आहे?" म्हणून पान उलटतात. दोघांचीही गोष्ट नीट वाचायची राहून जाते.

मत्तय, मार्क, लूक आणि योहान ही चार शुभवर्तमानं, म्हणजे येशूचं जीवन सांगणारी चार पुस्तकं. ती शांतपणे वाचली की एक गोष्ट ठळकपणे दिसते. दुखण्याने गांजलेला माणूस आला की येशू थांबतो. पण नुसता चमत्कार पाहायला आलेल्याला तो काहीही दाखवत नाही. सुरुवातीलाच, अरण्यात चाळीस दिवस उपास केल्यावर, सैतान त्याला म्हणतो, या दगडांच्या भाकरी कर. मग म्हणतो, मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत तुला झेलतील. येशू दोन्हीला नकार देतो. पुढे परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातली माणसं, आकाशातून काहीतरी चिन्ह दाखव म्हणून अडून बसतात, तेव्हा तो खोल उसासा टाकतो आणि नावेत बसून निघून जातो. अटकेनंतर त्याला हेरोद राजापुढे उभं करतात. हा चमत्कार करतो म्हणे, आपल्यालाही एखादा पाहायला मिळेल, या आशेने हेरोद खूश होतो. येशू त्याच्याशी एक शब्दही बोलत नाही. शेवटी क्रुसाखाली उभे असलेले मुख्य याजक आणि शास्त्री म्हणतात, याने दुसऱ्यांना वाचवलं, याला स्वतःला वाचवता येत नाही. आता खाली उतर, म्हणजे आम्ही पाहू आणि विश्वास ठेवू. तो उतरत नाही.

म्हणजे नमस्कार मिळावा म्हणून चमत्कार करणं हे या पुस्तकांत सैतानाने सुचवलेलं काम आहे. बरं केलेल्या माणसाला "हे कुणाला सांगू नकोस" असं येशू कितीदा तरी बजावतो. असं असूनही मार्कच्या पुस्तकाचा जवळजवळ एक-तृतीयांश भाग चमत्कारांच्या कथांनी भरलेला आहे. मग या कथा आहेत तरी कशासाठी?

त्यासाठी मार्कच्या पाचव्या अध्यायातली एक कथा जरा सावकाश पाहू. या विषयावर मला कुणी एकच कथा सांगायला सांगितली तर मी हीच सांगेन.

गालीलच्या सरोवराकाठी येशूभोवती गर्दी जमली आहे. सभास्थानाचा, म्हणजे यहुद्यांच्या प्रार्थनेच्या जागेचा, एक अधिकारी, याईर, येऊन त्याच्या पाया पडतो. त्याची लहान मुलगी मरणाच्या दारात आहे. चला, तिच्यावर हात ठेवा, म्हणून तो गयावया करतो. येशू निघतो, गर्दीही निघते. त्या रेटारेटीत एक बाई आहे. बारा वर्षं तिला रक्तस्राव होतो आहे. अनेक वैद्यांकडे तिने हाल सोसले, होतं नव्हतं ते सगळं घालवलं, आणि दुखणं वाढतच गेलं. मार्क हे तपशील एका दमात सांगतो.

बायबलच्या जुन्या करारातल्या लेवीय या पुस्तकातल्या नियमांप्रमाणे रक्तस्राव होत असलेली बाई अशुद्ध. ती जिथे बसेल, झोपेल ते अंथरूण-आसन अशुद्ध, आणि त्याला हात लावणाराही संध्याकाळपर्यंत अशुद्ध. विटाळ म्हणजे काय हे मराठी वाचकाला समजावून सांगावं लागत नाही. आपल्या घरांत बाजूला बसणाऱ्या बायका एक-दोन पिढ्यांपूर्वीपर्यंत होत्या, काही घरांत अजूनही आहेत. महिन्यातले चार दिवस नव्हे, बारा वर्षं सलग असं जगणं कसं असेल याचा विचार करा. गर्दीत शिरण्याचीच तिला चोरी. म्हणून ती मागून येते. याच्या कपड्याला नुसता हात लागला तरी पुरे, असं मनाशी म्हणते आणि हात लावते. रक्त थांबतं. तिला ते अंगात जाणवतं.

चमत्कार म्हणून पाहिलं तर कथा इथे संपायला हवी. येशू मात्र थांबतो आणि विचारतो, "माझ्या कपड्यांना कोण शिवलं?" शिष्य वैतागतात, चहूकडून माणसं अंगावर पडताहेत आणि हे विचारताहेत कोण शिवलं! याईर शेजारी उभा आहे, त्याचा एकेक क्षण जातो आहे. तरी येशू पुढे पाऊल टाकत नाही. शेवटी ती बाई कापत कापत पुढे येते, त्याच्या पायाशी पडते आणि सगळं खरं खरं सांगते. तो तिला म्हणतो, "मुली, तुझ्या विश्वासाने तुला बरं केलं आहे. शांतीने जा."

तिला चुपचाप का जाऊ दिलं नाही? ती नुसती बरी होऊन घरी गेली असती तर गावाच्या लेखी ती तशीच राहिली असती, बारा वर्षं टाळलेली बाई. आता सगळ्या गावासमोर, सभास्थानाच्या अधिकाऱ्यासमोर, तिला कुणीतरी 'मुली' म्हणून हाक मारली आहे. शिवल्याबद्दल तिला दटावलेलं नाही, आणि आपल्याला विटाळ झाला असंही म्हटलेलं नाही. रक्त थांबलं ते कपड्याला हात लागताच. तिचं माणसांत परतणं या बोलण्याने झालं. माझ्या मते चमत्काराचा मोठा भाग हा दुसराच आहे.

इतक्यात याईरच्या घरून माणसं येतात: मुलगी गेली, आता गुरुजींना कशाला त्रास? येशू याईरला म्हणतो, "भिऊ नकोस, फक्त विश्वास धर." घरी रडारड चाललेली. त्या सगळ्यांना तो बाहेर काढतो, आईबापांना आणि तीन शिष्यांना घेऊन आत जातो, मुलीचा हात धरतो. प्रेताला शिवणं हाही विटाळच, तोही तो मानत नाही. "तलीथा कूम," तो तिच्या घरच्या बोलीत, अरामी भाषेत म्हणतो: मुली, ऊठ. ती उठून चालू लागते. ती बारा वर्षांची होती, असं मार्क आत्ता सांगतो. एकीचं दुखणं जितकी वर्षं, तितकंच दुसरीचं वय. बाहेर गरीब, टाळलेली, नावही न सांगितलेली बाई. आत प्रतिष्ठित घरातली लेक. आणि पहिलीसाठी दुसरीच्या बापाला थांबावं लागलं. यानंतर येशू दोनच गोष्टी सांगतो: हे कुणाला कळू देऊ नका, आणि हिला काहीतरी खायला द्या. आजारातून उठलेल्या मुलीला भूक लागली असेल, हे त्या गोंधळात त्याच्याच लक्षात येतं.

हाच धागा मार्कच्या पहिल्या अध्यायातल्या कुष्ठरोग्याच्या कथेत आहे. तो म्हणतो, "तुमची इच्छा असली तर तुम्ही मला शुद्ध करू शकता." येशू आधी हात पुढे करून त्याला स्पर्श करतो, बरं होणं त्यानंतर. मग त्याला याजकाकडे पाठवतो, कारण याजकाने तपासून शुद्ध ठरवल्याशिवाय अशा माणसाला वस्तीत परतता येत नसे. कथेचा शेवट मात्र बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. तो माणूस गावभर सांगत सुटतो आणि त्यामुळे येशूलाच उघडपणे गावात जाता येईना, तो बाहेर ओसाड जागी राहू लागला. गावाबाहेरचा माणूस आत आला आणि आतला बाहेर गेला. ख्रिस्ती माणूस क्रुसाकडे ज्या नजरेने पाहतो, तिचं बीज इथे आहे: दुसऱ्याची जागा स्वतःवर घेणं.

आस्तिकांनी या कथांमधून काय घेतलं, हे आपल्याकडेही दिसतं. मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिशनचं रुग्णालय सुरू केलं. कुष्ठरुग्णांसाठी काम करणारी लेप्रसी मिशन ही संस्था १८७४ साली सुरू झाली. अचलपूरजवळच्या कोठाऱ्यात तिचं रुग्णालय आहे. त्या माणसांनी चमत्कारांच्या कथा वाचून आकाशाकडे पाहत बसण्याऐवजी जखमा धुवायला घेतल्या. माझ्या दृष्टीने कथेचा हा अगदी अचूक अर्थ आहे.

आता भाकरीची गोष्ट. येशूच्या सेवाकाळातला हा एकच चमत्कार असा आहे की तो चारही शुभवर्तमानांत येतो. पाच भाकरी, दोन मासे, पाच हजार पुरुष. बायका-मुलं वेगळी, असं मत्तय सांगतो. ही कथा ऐकणाऱ्या यहुदी माणसाच्या डोक्यात लगेच जुन्या गोष्टी जाग्या होत असणार. मोशेच्या काळात अरण्यात भुकेल्या लोकांना आकाशातून मिळालेलं अन्न, मान्ना. अलीशा संदेष्ट्याने जवाच्या वीस भाकरींत शंभर माणसांना जेवू घातलं आणि तरी उरलं, ती गोष्ट. योहान मुद्दाम सांगतो की येशूकडे आलेल्या भाकरीही जवाच्याच होत्या, म्हणजे गरिबाच्या. बायबलमधले चमत्कार असे सुटे-सुटे येत नाहीत, ते मागच्या चमत्कारांचा हात धरून येतात. ज्या देवाने तेव्हा भुकेल्यांना जेवू घातलं तोच इथे काम करतो आहे, असं सांगायची ही पद्धत आहे.

मार्ककडे या कथेत एक संवाद आहे. शिष्य म्हणतात, संध्याकाळ झाली, लोकांना जाऊ द्या, आसपासच्या गावांत काहीतरी विकत घेऊन खातील. येशू म्हणतो, तुम्हीच त्यांना खायला द्या. ते हिशेब मांडतात: दोनशे दिनारांच्या भाकरी आणायच्या काय? दिनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज. दोनशे म्हणजे अर्ध्या वर्षाहून जास्त कमाई. मग जे आहे ते घेऊन येशू लोकांना हिरव्या गवतावर पंक्तीने बसवतो, भाकरी घेतो, आशीर्वाद देतो, मोडतो, आणि वाढायला शिष्यांच्याच हाती देतो. बारा टोपल्या उरतात.

घेतली, आशीर्वाद दिला, मोडली, दिली. मरणाच्या आदल्या रात्रीच्या जेवणातही येशू हेच करतो, आणि उपासनेतल्या मिस्सामध्ये किंवा प्रभुभोजनात वसईपासून नगरपर्यंतच्या ख्रिस्ती देवळांत हेच होतं. त्यामुळे ख्रिस्ती माणसासाठी ही एकदा कधीतरी घडून गेलेली घटना राहत नाही. तो स्वतः त्या पंक्तीत बसलेला असतो. पंक्तीत कोण कुणाशेजारी बसणार हा प्रश्न आपल्याकडे किती जिव्हारी लागणारा आहे, ते वेगळं सांगायला नको.

योहान पुढे जे सांगतो त्यावर प्रवचनं कमी ऐकू येतात. पोटभर जेवलेले लोक येशूला बळजबरीने राजा करायला निघतात, म्हणून तो एकटा डोंगरावर निघून जातो. दुसऱ्या दिवशी ते त्याला शोधत येतात, तेव्हा तो तोंडावर सांगतो, भाकरी खाऊन तृप्त झालात म्हणून तुम्ही मला शोधता आहात. त्या बोलण्यानंतर त्याचे कित्येक शिष्यही त्याला सोडून जातात. चमत्काराने जमलेली गर्दी दुसऱ्याच दिवशी पांगली, हे लपवून ठेवायची योहानाला गरज वाटली नाही.

योहानाच्याच नवव्या अध्यायात जन्मांध माणसाची कथा आहे. शिष्य विचारतात, गुरुजी, पाप कुणी केलं, याने की याच्या आईबापांनी? अपंग मूल जन्मलं की "कुठल्या जन्मीचं पाप" असं म्हणणारी माणसं आपल्याभोवतीही आहेत. येशूचं उत्तर: यानेही नाही आणि याच्या आईबापांनीही नाही. मग थुंकीने चिखल कालवून तो त्याच्या डोळ्यांना लावतो आणि शिलोहाच्या तळ्यावर डोळे धुवायला पाठवतो. तो डोळस होऊन परततो, आणि त्याची चौकशी सुरू होते. शेजारी, परूशी, आईबाप, पुन्हा परूशी. त्याला धर्मशास्त्र येत नाही. तो एवढंच म्हणतो: मी आंधळा होतो, आता मला दिसतं. अखेर त्याला हाकलून देतात, आणि हाकलल्याचं कळल्यावर येशू त्याला शोधत जातो.

यरुशलेममध्ये २००४ साली सांडपाण्याच्या वाहिनीचं काम चालू असताना येशूच्या काळातल्या शिलोहाच्या तळ्याच्या पायऱ्या सापडल्या. अडतीस वर्षं आजारी असलेल्या माणसाच्या कथेतलं बेथेस्दाचं तळंही उत्खननातून पुढे आलेलं आहे. योहान ज्या जागा सांगतो त्या खऱ्या होत्या, इतकं यातून कळतं. तिथे चमत्कार घडला का, हे पायऱ्या सांगू शकत नाहीत, आणि तसा दावा कुणी केला तर तो मानू नये.

मग हे खरंच घडलं का? प्रश्न टाळण्यासारखा नाही. स्कॉटलंडचा तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम याने १७४८ साली मांडलं की निसर्गाचा नियम मोडला असं सांगणाऱ्या साक्षीपेक्षा, साक्ष देणारा चुकला असण्याची शक्यता नेहमी जास्त असते. विसाव्या शतकात जर्मन अभ्यासक रुडॉल्फ बुल्टमान म्हणाला की विजेचे दिवे आणि आधुनिक औषधं वापरणाऱ्या माणसाला हे शब्दशः मानता येणार नाही. त्याऐवजी कथेतली हाक ऐकायची, असं त्याचं म्हणणं. उलट चौथ्या-पाचव्या शतकातल्या संत ऑगस्टीनचं म्हणणं असं की चमत्कार निसर्गाच्या विरुद्ध नसतो, आपल्याला निसर्ग जितका ठाऊक आहे त्याच्या विरुद्ध असतो. आणि मूठभर दाण्यांतून दरवर्षी पीक उभं राहतं त्याचं आपल्याला नवल वाटत नाही, कारण ते रोजचं आहे. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या कुणालाही हे पटेल.

इतिहासाचे अभ्यासक, आस्तिक नसलेलेही, साधारण एवढं मान्य करतात की येशू त्याच्या हयातीतच रोग बरे करणारा आणि भुतं काढणारा म्हणून ओळखला जात होता. त्याच्या विरोधकांनीही ते नाकारलं नाही. हा भुतांच्या अधिपतीच्या मदतीने भुतं काढतो, असा आरोप त्यांनी केला. यापलीकडचं पाऊल विश्वासाचं आहे, आणि ते सगळे ख्रिस्ती सारखं टाकत नाहीत. काहीजण प्रत्येक कथा अक्षरशः मानतात, काहीजण समुद्रावर चालण्यासारख्या कथांकडे रूपक म्हणून पाहतात. येशूच्या पुनरुत्थानाची गोष्ट मात्र वेगळी. ख्रिस्त उठवला गेला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ आहे, असं ख्रिस्ती धर्माचा सुरुवातीचा प्रचारक पौल याने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलं, येशूच्या मरणानंतर साधारण पंचवीस वर्षांनी. बाकीच्या चमत्कारांबद्दल कुणी असं निर्वाणीचं लिहिलेलं नाही.

आस्तिकाला छळणारा प्रश्न बहुतेक वेळा दुसराच असतो: त्यांचं मूल उठलं, माझं का नाही? वांद्र्याच्या मतमावलीच्या जत्रेत मेणाचे हात, पाय, बाळं घेऊन रांगेत उभ्या असलेल्या माणसांकडे पाहा. त्यांत सगळ्या धर्मांची माणसं असतात, आणि त्यांतल्या कितीतरी जणांचं मागणं पुरं होणार नसतं. हे शास्त्राला ठाऊक आहे. बाप्तिस्मा करणारा योहान (शुभवर्तमानाचा योहान नव्हे, येशूच्या आधी त्याची वाट तयार करणारा संदेष्टा) तुरुंगातून येशूला निरोप पाठवून विचारतो, ज्याची आम्ही वाट पाहतो तो येणारा तूच का? आंधळे पाहतात, पांगळे चालतात, गरिबांना शुभवार्ता सांगितली जाते, असं उत्तर त्याला मिळतं. तुरुंगाचं दार उघडत नाही; पुढे त्याचा शिरच्छेद होतो. पौलाने आपल्या "शरीरातला काटा" जावा म्हणून तीनदा प्रार्थना केली. काटा गेला नाही. "माझी कृपा तुला पुरेशी आहे" एवढंच उत्तर आलं. आणि अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत येशूनेच देवाला विनवलं, हा प्याला, म्हणजे समोर आलेलं दुःख आणि मरण, माझ्यापासून दूर कर. तोही दूर झाला नाही.

म्हणून "तुझा विश्वास कमी पडला म्हणून तू बरा झाला नाहीस" असं आजाऱ्याला सांगणारा उपदेशक भेटला, तर त्याच्यापुढे पौलाचं नाव घ्यावं. पक्षाघाती माणसाला चार जणांनी छप्पर उकलून येशूपुढे खाली सोडलं, ती कथाही सांगावी. तिथे येशूने "त्यांचा" विश्वास पाहिला असं लिहिलं आहे, त्या आजाऱ्याला कुणी काही विचारलंच नाही. झटके येणाऱ्या मुलाचा बाप ओरडून म्हणतो, "मी विश्वास धरतो, माझा अविश्वास घालवा." इतक्या अर्ध्यामुर्ध्या विश्वासावरही काम होतं. औषध बंद करा म्हणणाऱ्याला बायबलचा आधार नाही. नव्या करारातच लूकला "प्रिय वैद्य" म्हटलं आहे, आणि पोटाच्या तक्रारीसाठी पौलाचा सहकारी तीमथ्य याला थोडा द्राक्षारस घेण्याचा सल्ला पत्रात लिहिलेला आहे. फ्रान्समधल्या लूर्द या तीर्थक्षेत्राला १८५८ पासून लाखो आजारी गेले. तिथे आलेल्या दाव्यांची डॉक्टरांकडून वर्षानुवर्षं तपासणी होते, आणि आजवर चर्चने मान्य केलेले चमत्कार सत्तरच्या आसपास आहेत. चर्चलाही घाई नाही.

पैशाचं तर बोलायलाच नको. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे कमावणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, आणि ख्रिस्ती शास्त्राची भूमिका त्याहून मवाळ नाही. शिष्यांना रोग बरे करायला पाठवताना येशू म्हणाला होता, तुम्हाला फुकट मिळालं, फुकट द्या. मंदिराच्या दाराशी बसलेल्या पांगळ्याला येशूचा शिष्य पेत्र म्हणतो, सोनं-रुपं माझ्याजवळ नाही, पण जे आहे ते देतो. आणि शोमरोन प्रांतातला शिमोन नावाचा जादूगार प्रेषितांपुढे, म्हणजे येशूने पाठवलेल्या शिष्यांपुढे, पैसे ठेवून "ही शक्ती मलाही द्या" म्हणाला, तेव्हा याच पेत्राने त्याला सुनावलं: तुझ्या पैशासकट तुझा नाश होवो, देवाचं दान तुला विकत घ्यायचं आहे?